पूरक

त्या वर्षी मला एक ओळ सलग वाचता येईना. मी मुद्रितशोधन करते. दुसऱ्यानं लिहिलेलं अक्षर न् अक्षर तपासायचं, हेच पोटापाण्याचं काम. ओळीच्या सुरुवातीला ठेवलेली नजर मधेच कुठेतरी घसरायची आणि मी पुन्हा पहिल्या शब्दावर यायचे. एकेका पानाला अर्धा तास लागू लागला. पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच. जेवण जायचं, पण ताटात काय होतं ते हात धुवेपर्यंत आठवत नसायचं. रडू मात्र येत नव्हतं. रडू आलं असतं तर मी कुणाला तरी काही सांगितलं असतं. हे जे होतं त्याला धरून सांगता येईल असं टोकच नव्हतं.

ताईनं ते फोनवरच्या आवाजावरून ओळखलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि आमच्यात मनातलं बोलायची सवय कधीच नव्हती. तिनं काही विचारलं नाही. आठवड्यानं एक बाटली पाठवली. ओमेगा-३. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, मधाच्या रंगाच्या, उजेडात धरल्या की आरपार दिसणाऱ्या. "मनाला बरं असतं म्हणतात," ती म्हणाली. "रोज जेवणानंतर एक घे. चुकवू नकोस."

मी अकरा महिने चुकवली नाही. दर रविवारी तिचा फोन यायचा. "घेतेस ना?" "घेते." एवढ्यावर दोघींनाही हलकं वाटायचं. काहीतरी चालू आहे, असं तिला वाटायचं. मलाही तेच वाटायचं.

पहाटेच्या त्या तासांमध्ये मी या कॅप्सूलविषयी वाचायला लागले. कामाचं पान पुढे सरकत नव्हतं, पण हे वाचवत होतं. जिवाशी गाठ असलेलं वाचन वेगळ्याच वाटेनं आत जात असावं. एकेका शोधनिबंधाला चार-चार रात्री लागल्या, तरी वाचला.

गोष्ट सुरू होते उंदरांपासून. आहारातला स्निग्धांश म्हणजे नुसतं इंधन, त्याच्या जागी पिष्टमय पदार्थ दिले तरी चालेल, अशी समजूत होती. १९२९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकलेला आहार दिला. तेव्हा माहीत असलेली जीवनसत्त्वं त्यात होती. तरीही उंदरांची वाढ खुंटली, शेपट्या खवल्यांनी भरल्या, आणि ते दगावू लागले. ठरावीक मेदाम्लं मिळाली की सावरले. काही मेदाम्लं शरीराला स्वतः घडवता येत नाहीत, ती बाहेरूनच यावी लागतात, हे त्यातून कळलं. ओमेगा-३ हे त्यांतलंच एक घराणं. जवस आणि अक्रोडात असतं ते एएलए. मासे आणि समुद्री शेवाळात असतात ती ईपीए आणि डीएचए. आपलं शरीर एएलएपासून ईपीए बनवतं खरं, पण अगदी थोडं, आणि डीएचए त्याहूनही थोडं. मासे तरी ते कुठून आणतात? शेवाळातूनच. म्हणून मासे न खाणाऱ्यांसाठी शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, आणि ते माशाच्या तेलाचं दुय्यम रूप नव्हे. उगम तोच आहे.

मनाशी त्याचा संबंध जोडला गेला तो बऱ्याच उशिरा. १९९८ मध्ये जोसेफ हिबेल्न या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. वेगवेगळ्या देशांत दरडोई मासे किती खाल्ले जातात आणि तिथे नैराश्याचं प्रमाण किती, हे त्यानं शेजारी-शेजारी मांडलं. जपान एका टोकाला, भरपूर मासे आणि कमी नैराश्य. न्यूझीलंड दुसऱ्या टोकाला. मधल्या देशांचे ठिपके जवळपास एका रेषेत. तो आलेख मी कितीदा पाहिला असेन. दुःखाला इतका सरळ उतार असू शकतो, हे पाहूनच बरं वाटायचं. देशादेशांत मासे सोडून आणखी शंभर गोष्टी वेगळ्या असतात, आणि नैराश्य आहे असं सांगण्याची मोकळीकही सगळीकडे सारखी नसते, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं. मी स्वतःच तर कुणाला सांगत नव्हते. मला मोजायला कुणी आलं असतं तर मी निरोगी माणसांच्या रकान्यात गेले असते.

पुढच्याच वर्षी हार्वर्डमधल्या अँड्र्यू स्टोल यांची चाचणी आली. द्विध्रुवी विकाराचे, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचे, फक्त ३० रुग्ण, चार महिने, आणि दिवसाला तब्बल ९.६ ग्रॅम ओमेगा-३. काहींना त्याऐवजी ऑलिव्ह तेल. ओमेगा-३ घेणारे जास्त काळ स्थिर राहिले. २००२ मध्ये इस्राएलमध्ये आणखी लहान चाचणी झाली: औषध चालू असूनही नैराश्य न हटलेले २० जण, चार आठवडे, ईपीए २ ग्रॅम. ईपीए घेणाऱ्या दहांपैकी सहा जणांची लक्षणं निम्म्यानं उतरली, दुसऱ्या गटात दहांपैकी एकाची. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या पीट आणि हॉरोबिन यांनी ७० जणांना १, २ आणि ४ ग्रॅम अशा मात्रा देऊन पाहिल्या. ठळक उपयोग दिसला तो १ ग्रॅमला. जास्त दिलं म्हणून जास्त फायदा झाला नाही.

मला सर्वांत गुंतवून ठेवलं ते एका कोड्यानं. मेंदूतलं पाणी वजा केलं तर उरलेल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग मेदाचा असतो, आणि चेतापेशींच्या आवरणात ओमेगा-३ पैकी भरलेलं असतं ते डीएचए. ईपीए तिथे जेमतेम सापडतं. मग नैराश्यावर डीएचए चालायला हवं. प्रत्यक्षात नुसतं डीएचए दिलेल्या २००३ च्या चाचणीत काहीच फरक पडला नाही, आणि नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत उपयोग दिसला तो ज्यांत ईपीएचा वाटा साधारण ६० टक्क्यांहून जास्त होता, त्याच तेलांचा. जे मेंदूत भरून आहे ते कामाला येत नाही आणि जे जवळपास नाही ते येतं! मेंदू म्हणजे तेल संपत आलेला दिवा आणि कॅप्सूल म्हणजे त्यात ओतलेलं तेल, असं मनात धरलेलं चित्र त्या वाचनानं पुसलं. आता संशोधकांचा रोख आहे शरीरातल्या दाहाकडे, म्हणजे सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेकडे. काही जणांच्या नैराश्यासोबत शरीरभर मंद दाह चालू असतो, रक्तात त्याच्या खुणा मोजता येतात, आणि ईपीए तो दाह शमवतं. २०१६ मध्ये १५५ रुग्णांच्या एका चाचणीचे निष्कर्ष या नजरेनं तपासले गेले. सगळे मिळून पाहिलं तर तेल आणि तोतया, म्हणजे ओमेगा-३ नसलेली पण तशीच दिसणारी, कॅप्सूल यांत फरक नव्हता. ज्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त होत्या, त्यांना मात्र ईपीएनं जास्त उतार पडला. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत आशेचा धागा आहे. नैराश्य हे एकच नाव आहे, पण त्याखाली राहणारी माणसं एकसारखी आजारी नसतात.

मग व्हिएन्ना. पॉल आमिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये छापलेली चाचणी. सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराच्या, उंबरठ्यावर असलेली १३ ते २५ वयाची ८१ मुलं. बारा आठवडे तेल, मग थांबवलं, आणि वर्षभर लक्ष ठेवलं. तेल घेतलेल्या ४१ पैकी दोघं आजारात ओढली गेली. न घेतलेल्या ४० पैकी अकरा. हे आकडे मी पाहिले आणि उठून खिडकीशी गेले. अकरा आणि दोन यांच्या मधली ती नऊ मुलं मला दिसत होती, जणू कुणी त्यांना हाताला धरून रस्त्याच्या अलीकडेच थांबवलं होतं.

हीच चाचणी नंतर अनेक देशांतल्या केंद्रांमध्ये ३०४ तरुणांवर पुन्हा केली गेली. निकाल २०१७ मध्ये आला. दोन्ही गटांत आजारात गेलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच. त्या चाचणीत सगळ्यांनाच चांगली देखभाल आणि समुपदेशन मिळत होतं, त्यामुळे तेलाचा भाग झाकला गेला असेल, असं संशोधकांनी म्हटलं. असेलही. पण ती नऊ मुलं त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोरून गेली. संशोधन करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर वाढला तो इथेच. दुसऱ्या चाचणीच्या लेखकांत आमिंगरही होते. आपल्याच सुंदर निष्कर्षावर आपणच काट मारायची, आणि ती छापायची. माझ्या कामात मी रोज काट मारते, पण ती दुसऱ्याच्या वाक्यावर.

आणि २०२१. या विषयातली सर्वांत मोठी चाचणी. ५० वर्षांपुढचे १८,३५३ जण, रोज १ ग्रॅम माशाचं तेल किंवा तोतया कॅप्सूल, पाच वर्षांहून जास्त काळ. नैराश्य नसलेल्यांना तेल दिल्यानं ते टळतं का, हा प्रश्न. टळलं नाही. उलट तेल घेणाऱ्यांत नैराश्याची नोंद किंचित जास्त निघाली, हजार माणसांमागे वर्षाला १३.९, दुसऱ्या गटात १२.३. फरक लहान आहे, तेलानं नैराश्य येतं असा त्याचा अर्थ कुणी लावू नये. पण धडधाकट माणसानं मन सांभाळायला म्हणून घ्यायची ही गोष्ट नाही, एवढं त्यातून नक्की झालं. त्याआधी २०१९ मध्ये युरोपात १,०२५ जणांवर झालेल्या चाचणीतही ओमेगा-३, ड जीवनसत्त्व, फॉलिक आम्ल आणि सेलेनियम एकत्र देऊन नैराश्य रोखता आलं नव्हतं.

त्या पहाटे मी बाटली टेबलावर ठेवून बसून राहिले. तेल घेत होते म्हणून मी घेत नसलेल्या बाकी सगळ्या गोष्टी, मदत, रजा, आजाराचं नाव, या झाकून राहिल्या होत्या. तरीही मी डॉक्टरांकडे गेले नाही. गेले ती एका चुकीमुळे.

एका कवितासंग्रहाची अर्पणपत्रिका होती. कवयित्रीनं तो आपल्या वारलेल्या मुलाला अर्पण केला होता. एका ओळीचं पान. त्या मुलाच्या नावातली वेलांटी चुकली होती, दोन्ही मुद्रितं माझ्या नजरेखालून गेली होती, आणि पुस्तक छापून झालं होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्यांच्याजवळच्या प्रतींत पेनानं वेलांटी दुरुस्त केली, एकेक करून. हे मला दुसऱ्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी मी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टर बाईंनी सगळं ऐकलं. काही औषध चालू आहे का, म्हणून विचारलं. मी बाटली काढली. त्यांनी ती फिरवून माझ्यासमोर धरली. पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम. मागे, मुंगीएवढ्या अक्षरात: ईपीए १८०, डीएचए १२०. बाकीचं नुसतं तेल. नैराश्यावरच्या ज्या चाचण्यांत काही उपयोग दिसला त्यांतल्या बहुतेकांत दिवसाला ईपीए एक ते दोन ग्रॅम होतं. माझं त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. मुंगीएवढी अक्षरं वाचणं हे माझं काम आहे, आणि मी अकरा महिन्यांत ही बाटली मागून वाचली नव्हती. तेव्हा मला जे वाटलं ते अर्पणपत्रिकेच्या वेळी वाटलं होतं तेच.

"२०१९ मध्ये पोषण आणि मानसोपचार या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं मार्गदर्शन केलंय," त्या म्हणाल्या. "ईपीए जास्त असलेलं तेल, आणि तेही मुख्यतः उपचारांच्या जोडीला. याला पूरक म्हणतात. तुम्ही पूरक घेताय. कशाला पूरक?"

मला उत्तर देता आलं नाही.

हा शब्द माझ्या हाताखालून हजारदा गेला असेल. पूरक वाचन, पूरक व्यवसाय, पूरक मागण्या. दरवेळी त्याच्या आधी किंवा नंतर मुख्य असं काहीतरी असतं, आणि ते नसेल तर आम्ही समासात प्रश्नचिन्ह टाकतो. प्राणायामातही तो आहे. पूरक म्हणजे श्वास आत घेणं, कुंभक म्हणजे धरून ठेवणं, रेचक म्हणजे सोडणं. मी अकरा महिने रोज आत घेत होते आणि धरून ठेवत होते.

त्यांनी आधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. ही औपचारिकता नसते. बी-१२ च्या कमतरतेनं विसराळूपणा, उदासी, भ्रम, सगळं होऊ शकतं, आणि तेही रक्तक्षय नसताना. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बी-१२ कमी असल्यामुळे मेंदूची किंवा मज्जासंस्थेची लक्षणं असलेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांच्या रक्तात नेहमीच्या खुणा, रक्तक्षय किंवा मोठ्या तांबड्या पेशी, दिसतच नव्हत्या. अशा माणसाला बी-१२ दिलं तर ते पूरक राहत नाही, तोच उपचार होतो. खड्डा आहे तिथे भर घातली की जमीन सपाट होते. सपाट जमिनीवर भर घालत राहिलं तर नुसता ढीग होतो.

अहवालाची वाट पाहताना, मनातून सांगते, मी प्रार्थना करत होते की काहीतरी कमी निघावं. काहीही. ताईला सांगता आलं असतं, "अगं, बी-१२ कमी होतं." सोपं वाक्य. सगळे आकडे व्यवस्थित आले.

उपचार सुरू झाले. एक औषध, दर आठवड्याला एक तास बोलणं, आणि सोबत ईपीए जास्त असलेली कॅप्सूल; ती त्यांनी बंद केली नाही, बदलून दिली. रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का, हृदयाची लय कधी बिघडली होती का, हे आधी विचारलं, कारण मोठ्या मात्रेत ओमेगा-३ घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढलेला आढळला आहे. वनस्पतीजन्य काही घेतलंय का, हेही खोदून विचारलं. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती सौम्य नैराश्यावर काही अंशी चालते, पण नैराश्याच्या नेहमीच्या औषधांसोबत घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांसकट कितीतरी औषधांचा परिणाम तिच्यामुळे उतरतो. नैसर्गिक आहे म्हणून डॉक्टरांना न सांगता घेणारे खूप आहेत. मी त्यांतलीच एक होते, फक्त माझी वस्तू त्यामानानं निरुपद्रवी निघाली.

सहाव्या आठवड्यात एके सकाळी एक पान वाचून झालं तेव्हा लक्षात आलं की मी मागे आले नव्हते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदाच. त्यात एक चूकही सापडली होती, अनुस्वाराची. मी तिथे खूण केली आणि किती तरी वेळ त्या खुणेकडे पाहत राहिले.

यात कॅप्सूलचा वाटा किती? तिघांचा संसार आहे, कुणाचा हात कुठे लागला ते वेगळं काढता येत नाही. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनांनी, २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये, नैराश्यावर ओमेगा-३ चा परिणाम लहान आणि पुराव्याचा दर्जा कच्चा असल्याचं म्हटलं आहे. मला विचाराल तर मी तिला लहानसाच वाटा देईन, पण देईन. ज्या गोष्टीनं अकरा महिने मला काही दिलं नाही, ती जागेवर आल्यावर काही देत असेल यात मला विसंगती वाटत नाही. राग येतो तो बाटल्यांच्या दर्शनी भागाचा. मोठी अक्षरं तेलाचं वजन सांगतात, आणि आजारी माणसाला हवी असलेली संख्या पाठीमागे असते. तुमच्या घरात अशी बाटली असेल तर ती आज फिरवून वाचा. आणि ती कुणासाठी आणली असेल, तर त्या माणसाला कॅप्सूल घेतलीस का, एवढंच विचारून थांबू नका.

ताईचा फोन अजून रविवारीच येतो. औषध सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी तिनं नेहमीसारखं विचारलं, "घेतेस ना?"

"घेते गं," मी म्हटलं. आणि मग, फोन ठेवायच्या आत, "ताई, ते तेल आहे, पण मी डॉक्टरांकडेही जातेय. मनाच्या. वर्ष झालं असेल, मला वाचता येत नव्हतं."

पलीकडे काही क्षण आवाज नव्हता. मग खुर्ची ओढल्याचा आला.

"बसलेय मी," ताई म्हणाली. "सांग."